ओगावांची फुले: हातांनी घडलेल्या जुन्या रंगीत छायाचित्रांचा संग्रह कसा करावा

टोकियोचे छायाचित्रकार आणि मुद्रक ओगावा काझुमासा यांनी १८९६ साली ‘सम जॅपनीज फ्लॉवर्स’ या नावाचे पुस्तक काढले. ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा विक्रीस यायला तेव्हा अजून अकरा वर्षे होती आणि छायाचित्रात रंग कॅमेऱ्यातूनच उतरावा ही सोय सामान्य छायाचित्रकाराला उपलब्ध नव्हती. तरीही या पुस्तकातील कमळे, शेवंती, लिली आणि आयरिस आज पाहिली तरी सकाळीच खुडल्यासारखी वाटतात, कारण त्यांचा आकार व छायाप्रकाश कॅमेऱ्याने टिपलेला आहे आणि रंग मात्र कुशल कारागिरांच्या परिश्रमातून आलेला आहे. अशी पाने जगभरच्या लिलावांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आजही अधूनमधून येतात, आणि ती जमवण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: पान कसे तयार झाले हे ओळखता येईपर्यंत काहीही विकत घेऊ नये. किंमत, खरेखोटेपणा आणि जतनाची पद्धत या तिन्ही गोष्टी त्या एकाच उत्तरावर अवलंबून असतात.

आधी तंत्र समजून घ्यावे

ओगावा यांचा जन्म १८६० चा. १८८२ साली ते अमेरिकेला गेले, बोस्टनमध्ये छायाचित्रणाबरोबरच कोलोटाइप मुद्रणाचे, म्हणजे काचेवरील जिलेटिनच्या थरातून छायाचित्र शाईने छापण्याचे, शिक्षण त्यांनी घेतले आणि १८८४ साली परतल्यावर टोकियोत स्वतःचा स्टुडिओ उघडला. पुढे १८८९ च्या सुमारास त्यांनी कोलोटाइपचा छापखाना सुरू केला आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘कोक्का’ या कलाविषयक नियतकालिकाची कोलोटाइप चित्रे तेथे छापली जाऊ लागली. १८९१ च्या जपानमधील मोठ्या भूकंपावर जॉन मिल्न आणि विल्यम बर्टन यांनी जे पुस्तक लिहिले, त्यातील चित्रेही ओगावांनीच छापली. फुलांच्या पानांमागे असा अनेक वर्षांचा मुद्रणाचा अनुभव उभा होता.

कोलोटाइपची पद्धत संग्राहकाने नीट समजून घ्यावी. जाड काचेवर पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा थर देऊन तो उष्णतेत सुकवतात. पुढे त्या थरावर अतिसूक्ष्म, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात आणि त्याच या छपाईची खूण ठरतात. ही काच निगेटिव्हखाली ठेवून उजेड दाखवला की जेथे उजेड अधिक पोहोचतो तेथील जिलेटिन कठीण होते, आणि जेथे तो कमी पोहोचतो तेथील जिलेटिन पाणी शोषून फुगते. मग काच धुऊन, ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याने ओलसर ठेवून, तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवतात. कठीण भाग शाई घेतो, ओला भाग ती नाकारतो, आणि मधल्या छटा आपोआप मधल्या प्रमाणात शाई धरतात. वर्तमानपत्रातील छायाचित्रासारखे ठिपके येथे नसतात, त्यामुळे पाकळीवरची सावली खऱ्या सावलीप्रमाणे हळूहळू गडद होत जाते. एका काचेवर फार तर एक-दोन हजार ठसे निघतात आणि मग थर झिजतो. त्यामुळे मोठ्या आवृत्तीसाठी एकाच फुलाच्या अनेक काचा कराव्या लागतात, आणि एकाच फुलाची दोन अस्सल पाने शेजारी ठेवली असता त्यांच्या छटांत थोडा फरक दिसणे स्वाभाविक ठरते.

याच काळात योकोहामा येथे दुसरी एक परंपरा बहरलेली होती. छायाचित्रकार फेलिचे बेआतो १८६३ साली तेथे आले आणि त्यांच्या स्टुडिओतून अल्ब्युमेन छायाचित्रे जलरंगांनी रंगवून परदेशी प्रवाशांना विकण्याची प्रथा वाढली. कुसाकाबे किम्बेई आणि तामामुरा कोझाबुरो यांनी ती पुढे नेली. अल्ब्युमेन छायाचित्रात कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असतो आणि प्रतिमा चांदीची असते. कोलोटाइपची प्रतिमा शाईची असते. चांदीची प्रतिमा काळाबरोबर पिवळी पडते व फिकी होते, उलट कोलोटाइपची शाई शतकानंतरही जवळपास पूर्वीसारखीच राहते. रंग मात्र दोन्हींत वेगळ्या वाटेने जुना होतो.

या दोन्ही परंपरा एकाच ग्रंथसंचात भेटतात. बोस्टनच्या जे. बी. मिलेट कंपनीने १८९७-९८ मध्ये फ्रान्सिस ब्रिंकली यांच्या संपादनाखाली जपानविषयीचा बहुखंडी ग्रंथ काढला. त्यासाठी हाताने रंगवलेली अल्ब्युमेन छायाचित्रे लाखोंच्या संख्येने लागली, आणि तामामुरांच्या कार्यशाळेत त्यासाठी शेकडो रंगारी बसवले गेले. याच संचाच्या खंडांत ओगावांची रंगीत कोलोटाइप फुलेही घातलेली आहेत. आज बाजारात सुटी मिळणारी बरीचशी फुले अशा खंडांतून वेगळी झालेली असतात, हे खरेदीदाराने मनात ठेवावे.

संग्रहाची कक्षा ठरवावी

‘जुनी फुलांची छायाचित्रे’ एवढ्याच विचाराने आरंभ केल्यास पैसा पांगतो आणि डोळा तयार होत नाही. एक फूल निवडावे, उदाहरणार्थ केवळ शेवंती किंवा केवळ कमळ, अथवा एकच तंत्र निवडावे. मी स्वतः नवख्या संग्राहकाला ओगावांच्या सुट्या पानांपासून सुरुवात करण्याचा सल्ला देतो, कारण ती तुलनेने सहज भेटतात आणि त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी प्रमाण चित्रेही उपलब्ध आहेत. लॉस एंजलिस येथील गेटी संग्रहालयाने या फुलांवर २०१३ साली स्वतंत्र पुस्तक काढले आहे. खरेदीच्या आधी प्रत्येक फुलाची रचना, देठाचा कोन, पानांवरील सावल्या आणि चौकटीच्या कडा संगणकाच्या पडद्यावर इतक्या वेळा पाहाव्यात की त्या पाठ व्हाव्यात. मात्र अशा स्पष्ट प्रतिमा सर्वांना मिळत असल्यामुळेच त्यांच्या आजच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलाही सहज तयार होतात, हेही लक्षात असू द्यावे.

ओगावांचे नाव सूचीत शोधताना ‘काझुमासा’, ‘काझुमा’, ‘इस्शिन’ आणि नुसते ‘के. ओगावा’ अशी चारही रूपे वापरून पाहावीत. एकच चिनी लिपीतील नाव वेगवेगळ्या प्रकारे वाचले गेल्यामुळे ही रूपे रूढ झाली आहेत, आणि नेमक्या याच कारणाने चांगली पाने काही वेळा दुर्लक्षित राहतात.

भिंगाखाली पाहण्याची पद्धत

येथे घाई करू नये. साधने थोडीच लागतात. दहा पट मोठे दाखवणारे सराफी भिंग मुंबईच्या झवेरी बाजारात सहज मिळते. त्याच्या जोडीला तीस ते साठ पट दाखवणारा लहान खिशातला सूक्ष्मदर्शक, नोटा तपासण्यासाठी वापरतात तशी अतिनील प्रकाशाची विजेरी आणि साधी पट्टी असली की काम भागते.

प्रथम राखाडी किंवा काळसर छटेचा, रंग कमी असलेला भाग शोधावा. पानाच्या पार्श्वभूमीचा सावलीचा भाग यासाठी उत्तम. कोलोटाइप असेल तर तेथे थंड झालेल्या दुधाच्या सायीवर पडतात तशा बारीक, अनियमित, किड्यासारख्या वळणांच्या सुरकुत्या दिसतात. अल्ब्युमेन असेल तर अशा सुरकुत्या दिसत नाहीत, पातळ थराखालून कागदाचे तंतू दिसतात आणि चकचकीत पृष्ठभागावर पुष्कळदा सूक्ष्म तडे आढळतात. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची ठराविक नक्षी दिसते. घरातल्या एखाद्या रंगीत लग्नपत्रिकेवर भिंग ठेवून ती एकदा पाहून ठेवली की पुन्हा फसगत होत नाही. शाईफवारा प्रिंटरची नक्कल असेल तर रंगाचे सुटे, विखुरलेले कण दिसतात. शिळाछाप, म्हणजे क्रोमोलिथोग्राफ, ओळखण्यासाठी तर महाराष्ट्रातील वाचकाकडे हाताशी नमुना असतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याची देवादिकांची जुनी चित्रे भिंगाखाली पाहिली की कारागिराने दगडावर हाताने दिलेले वेगवेगळ्या रंगांचे ठिपके स्पष्ट दिसतात. कोलोटाइपच्या सुरकुत्या आणि हे ठिपके यांची तुलना एकदा झाली की डोळा आयुष्यभर विसरत नाही.

आता रंगाकडे वळावे. ओगावांच्या फुलांचे वर्णन काही सूचींत ‘हाताने रंगवलेले कोलोटाइप’ असे, तर काहींत ‘रंगीत कोलोटाइप’ असे केलेले आढळते, आणि या दोन वर्णनांत मोठा फरक आहे. पहिल्यात काळ्या छपाईवर कुंचल्याने रंग भरलेला असतो, दुसऱ्यात प्रत्येक रंगासाठी वेगळी काच करून तो छापलेला असतो. सूचीतील शब्दावर विसंबून न राहता समोरचे पान आपल्याला काय सांगते ते पाहावे. रंगातही त्याच सुरकुत्या दिसत असतील तर तो रंग छापलेला आहे. रंगाची बाह्यरेषा काळ्या आकृतीपासून सरकलेली असेल आणि ती पूर्ण पानभर एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेली असेल, तर तीही छपाईचीच खूण असते, कारण काच किंवा कागद थोडा हलला की सगळेच एकत्र हलते. याउलट एका पाकळीवर रंग डावीकडे ओसंडला आहे, दुसरीवर उजवीकडे, कोठे कडेशी रंग साचून गडद रेघ उमटली आहे, कोठे कुंचल्याचे दोन फटकारे एकमेकांवर चढले आहेत, असे दिसले तर तो माणसाचा हात आहे. एकाच पानावर पानांचा हिरवा छापलेला आणि फुलाचा गुलाबी हाताने दिलेला, असा मिलाफही शक्य असतो, म्हणून निदान तीन-चार ठिकाणी पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

यानंतर खोलीतील दिवे मालवून अतिनील प्रकाश टाकावा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात उजळपणा आणणारी रसायने आहेत. ती कागदात साधारण १९५० नंतर येऊ लागली, त्यामुळे असे पान १८९६ चे असू शकत नाही. कागद झळकला नाही म्हणून मात्र तो जुनाच आहे असे समजू नये, कारण अशी रसायने नसलेला कागद आजही मिळतो.

शेवटी पान दिव्यासमोर तिरपे धरून त्याचा पृष्ठभाग, घड्या, चिरा आणि दुरुस्त्या पाहाव्यात, मागील बाजू पाहावी आणि समास मोजावेत. एका बाजूचा समास कापलेला किंवा शिवणीची भोके असलेला असेल तर पान ग्रंथातून काढलेले आहे. तो दोष नव्हे, पण विक्रेत्याने ते सांगायला हवे. तपकिरी ठिपके समासात असतील तर चालवून घेता येतात, फुलावर असतील तर किंमत निम्म्याहून खाली यावी, असे माझे मत आहे. पिवळा समास ही फारशी चिंतेची गोष्ट नाही. विटलेली गुलाबी पाकळी मात्र पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही.

मी विकत घेतलेले पहिले पान ‘हाताने रंगवलेले, अस्सल’ म्हणून आले होते. भिंगाखाली त्यात चार रंगांच्या ठिपक्यांची नक्षी निघाली; ते आधुनिक पुस्तकातून कापलेले पान होते. त्या वेळी भिंग घरात होते, पण मी ते पैसे दिल्यानंतर काढले.

विक्रेत्याला काय विचारावे

दूरून खरेदी करताना निदान चार छायाचित्रे मागवावीत: समासांसह संपूर्ण पान, मागील बाजू, तिरप्या प्रकाशातील पृष्ठभाग आणि सावलीच्या भागाचा अगदी जवळून घेतलेला तुकडा, ज्यात शेजारी पट्टी ठेवलेली असेल. पान कोणत्या ग्रंथातून आले, कोणत्या आवृत्तीतून, खंड विक्रेत्यानेच सोडवला की तो आधीच सुटलेला होता, चिकटपट्टी किंवा डिंक वापरला आहे का, परत करण्याची मुदत किती, हे सगळे लेखी विचारावे. प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनी दुखावत नाही.

संपूर्ण, सुस्थितीतील खंड केवळ फुले विकण्यासाठी फोडणाऱ्याकडून खरेदी करू नये, असे मला मनापासून वाटते. एकशे पंचवीस वर्षे एकत्र राहिलेली पाने विखुरली की त्यांचा क्रम, मजकूर आणि संदर्भ कायमचा हरवतो. बांधणी आधीच तुटलेल्या, अर्धवट संचातील पाने घेण्यात ही अडचण नाही.

किमतीचा अंदाज विक्रेत्याने लावलेल्या आकड्यांवरून बांधू नये. तो पूर्वीच्या लिलावांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून बांधावा, आणि त्याच फुलाचे, त्याच आकाराचे, साधारण त्याच स्थितीतील पान ताडून पाहावे. लिलावात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क चढते, जे अनेक ठिकाणी २० ते २५ टक्के किंवा त्याहून अधिक असते, शिवाय पाठवणी, विमा आणि सीमाशुल्क वेगळे. बोली लावण्यापूर्वी हा सगळा हिशेब उलट बाजूने मांडून आपली कमाल बोली कागदावर लिहून ठेवावी. भारतात पान आणताना पावती, विक्रेत्याचे वर्णन आणि आयातीची कागदपत्रे कायम जपावीत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत, म्हणून परदेशी स्थायिक होणाऱ्यांनी किंवा पुढे परदेशात विक्रीचा विचार असणाऱ्यांनी खरेदीपूर्वीच जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

ज्यांना विसाव्या शतकातील फुले अधिक भावतात, त्यांच्यासाठी डाय ट्रान्स्फर हे दुसरे क्षेत्र आहे. कोडॅकने १९४६ साली बाजारात आणलेल्या या पद्धतीत तीन रंगांसाठी तीन जिलेटिनचे साचे करून, ते एकामागून एक अचूक जुळवून कागदावर रंग उतरवावे लागतात. अमेरिकी छायाचित्रकार आयर्विंग पेन आणि रॉबर्ट मॅपलथॉर्प यांची फुले या पद्धतीने छापली गेली आहेत. कंपनीने १९९० च्या दशकात साहित्य बनवणे थांबवले. ही मुद्राचित्रे अंधारात उत्तम टिकतात, उजेडात तितकी नाहीत, आणि त्यांच्या किमती ओगावांच्या पानांहून अनेक पटींनी जास्त असतात.

घरी आल्यावर

पार्सल आले की लगेच उघडू नये. पावसाळ्यात किंवा थंड विमानातून आलेले पाकीट एक दिवस खोलीत तसेच ठेवावे, म्हणजे कागदावर दव साठत नाही. त्यानंतर पान स्वच्छ, कोरड्या हातांनी कडेला धरून काढावे आणि दोन आठवडे इतर संग्रहापासून वेगळ्या पाकिटात ठेवावे. बुरशी किंवा कसर बाहेरून आत येते ती याच वेळी.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात राहणाऱ्या संग्राहकाचा खरा शत्रू उजेडापेक्षाही दमट हवा आहे. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी असे संवर्धक सांगतात, आणि किनारपट्टीवर जुलै महिन्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून पाने बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत, कारण तीच भिंत पावसाळ्यात ओल धरते. आम्लमुक्त कागदाच्या घडीत एक पान, अशा घड्या आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत आडव्या, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या व छोटा आर्द्रतामापक, ही व्यवस्था पुरेशी आहे. आपल्याकडे पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांचा मोह होतो. पीव्हीसीची पाकिटे तर कधीच वापरू नयेत. पॉलिएस्टरची पाकिटे एरवी चांगली असली तरी दमट हवेत ती अल्ब्युमेनच्या थराला किंवा हाताने दिलेल्या रंगाला चिकटू शकतात, त्यामुळे येथे कागदाची घडीच अधिक सुरक्षित. अल्ब्युमेन छायाचित्रांसाठी क्षार न मिसळलेला आम्लमुक्त कागद घ्यावा. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला आपल्या आजीच्या कपाटात चालत होता, पण त्यांची वाफ आणि डाग कागदाला सोसत नाहीत, म्हणून ते पेटीपासून दूर ठेवावेत.

तसबीर करायची असल्यास फ्रेमवाल्याच्या हाती पान सोपवून निघून येऊ नये. पान पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवणे, मागे वर्तमानपत्र किंवा हार्डबोर्ड लावणे आणि काच थेट चित्राला टेकवणे या तीन सवयींनी जेवढी जुनी छायाचित्रे खराब होतात, तेवढी दुसऱ्या कशाने होत नसावीत. आम्लमुक्त माउंटमध्ये जपानी कागदाच्या लहान पट्ट्या गव्हाच्या शुद्ध खळीने पानाच्या वरच्या कडेला लावून ते टांगावे आणि माउंटच्या जाडीमुळे काच चित्रापासून दूर राहील असे पाहावे. हाताने रंगवलेले पान सूर्यप्रकाश येणाऱ्या भिंतीवर लावू नये, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास मंद उजेड ठेवावा आणि तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा पेटीत जाऊन दुसरे पान भिंतीवर यावे. फाटलेले, बुरशी लागलेले किंवा पुठ्ठ्याला चिकटलेले पान स्वतः धुण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. हाताने दिलेला जलरंग पाण्याच्या एका थेंबाने वाहू शकतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे; कोणाकडे जावे याची चौकशी तेथून सुरू करता येते.

प्रत्येक पानाची नोंद ते आल्याच्या दिवशीच करावी: फूल कोणते, तंत्र कोणते आणि ते कोणत्या खुणांवरून ठरवले, प्रतिमेचे व कागदाचे माप मिलिमीटरमध्ये, ग्रंथ व खंड, विक्रेता, दिनांक, एकूण खर्च, आणि आढळलेला प्रत्येक डाग. सोबत पुढचे, मागचे आणि भिंगाखालचे छायाचित्र जोडावे. फुलाची ओळख पटवताना छापील नावावर पूर्ण भिस्त न ठेवता वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या एखाद्या मित्राला पान दाखवावे, कारण लिली आणि आयरिस यांच्या जाती केवळ रंगावरून सांगता येत नाहीत आणि येथे तर तो रंग मुद्रणाच्या किंवा कुंचल्याच्या कामातून आलेला आहे.

पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की, साधारण कोजागिरीच्या सुमारास, वर्षातून एकदा पेटी पूर्ण उघडावी. एकेक पान बाहेर काढून जुन्या छायाचित्राशी ताडावे, बुरशीचा वास येतो का ते पाहावे, सिलिका जेल तापवून किंवा बदलून पुन्हा ठेवावे, आणि पाहणीचा दिनांक मऊ पेन्सिलीने घडीच्या कागदावर लिहावा, पानाच्या पाठीवर नव्हे.